बाळंतिणीच्या हाताला निळी सुई नको

"डॉक्टर, बारीकातली बारीक सुई लावा हो. पोर आधीच घाबरलीये." लेबर रूमच्या दारातून हे वाक्य ऐकले नाही असा डॉक्टर किंवा सिस्टर कोकणात शोधून सापडणार नाही. कधी आई म्हणते, कधी सासू, क्वचित नवराही म्हणतो. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, म्हणून आपणही मान डोलावतो आणि ट्रेमधली निळी सुई उचलतो.

आजचा लेख या वाक्याच्या विरोधात आहे. पण नातेवाइकांवर माझा फारसा राग नाही, त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. राग आहे तो मान डोलावणाऱ्यांवर. म्हणजे माझ्या व्यवसायबंधूंवर, आणि वर्षानुवर्षे त्याच त्या सुया मागवणाऱ्या आणि पाठवणाऱ्या यंत्रणेवर.

आधी ही सुई म्हणजे काय ते पाहू, कारण बऱ्याच लोकांच्या मनात एक भीती पक्की बसलेली असते. सलाईन लावल्यावर लोखंडी सुई हातातच राहते असे त्यांना वाटते, म्हणून चार-चार तास हात न हलवता बसतात. तसे नसते. आपण ज्याला इंट्राकॅथ किंवा व्हेनफ्लॉन म्हणतो, त्यात स्टीलच्या सुईवर प्लास्टिकची एक बारीक नळी चढवलेली असते. सुईचे टोक तिरपे कापलेले असते, ते शिरेत शिरते. मागच्या छोट्या पारदर्शक डबीत रक्त दिसले की सुई शिरेत पोहोचल्याची खात्री होते. मग नळी पुढे सरकवायची आणि स्टीलची सुई काढून टाकायची. हातात उरते ती मऊ नळी. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये डॉ. डेव्हिड मासा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये अशी 'प्लास्टिकची सुई' मांडली. त्याआधी जास्त वेळ सलाईन द्यायचे तर स्टीलची सुई फळीला बांधलेल्या हातात तशीच ठेवावी लागे, नाहीतर कातडी कापून शीर उघडी करावी लागे. रुग्णाला हात हलवता येतो, हे त्या साध्या नळीचे उपकार आहेत.

आता रंग. सुईच्या मागच्या टोपणाचा रंग शोभेसाठी नसतो, तो जाडी सांगतो, आणि जगभर हेच रंग चालतात. पिवळी २४ नंबरची, निळी २२, गुलाबी २०, हिरवी १८, करडी १६ आणि नारिंगी १४. लक्षात आले का? नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. ही उलटी मोजणी तारेच्या कारखान्यातून आली. तार जितक्या वेळा साच्यातून ओढाल तितकी ती बारीक आणि तितका तिचा आकडा मोठा. इंग्लंडमधल्या तार ओढणाऱ्यांचा हिशोब आपण आजही माणसाच्या शिरेवर चालवतो. नव्याने कामाला लागलेल्या सिस्टरला 'मोठी सुई आण' म्हटले की ती मोठ्या नंबरची घेऊन येते, यात तिची काय चूक? रंग सांगावा. नंबर सांगूच नये, असे माझे मत आहे.

निळ्या सुईची बाहेरची जाडी सुमारे ०.९ मिलिमीटर आणि करडीची १.७. म्हणजे जवळपास दुप्पट. पण पाणी दुप्पट जात नाही, त्याच्या कितीतरी पट जाते. आपल्याकडे आगर शिंपणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. अर्धा इंची नळीने माडांना पाणी घालायला बसलात तर दुपार होते, इंची नळीने तेच काम न्याहारीच्या आत उरकते. फ्रान्सच्या डॉ. प्वाझय यांनी १८४० च्या दशकात याचे गणित मांडले. नळीतून संथ वाहणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो. त्रिज्या दुप्पट केली, तर प्रवाह सोळापट. शिवाय नळी जितकी लांब तितका प्रवाह कमी. प्रत्यक्षात पूर्ण सोळापट मिळत नाही, कारण जाड नळीत पाणी खळाळू लागते आणि सलाईनच्या सेटचाही अडथळा असतो. पण जो फरक उरतो तोही प्रचंड आहे. तो सुईच्या खोक्यावर छापलेला असतो, आणि तिथे कोणी बघत नाही.

पिवळीतून मिनिटाला साधारण २० मिलिलिटर, निळीतून ३५, गुलाबीतून ६०, हिरवीतून ९० आणि करडीतून १८०. कंपनीगणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतात, क्रम तोच राहतो. शिवाय हे आकडे प्रयोगशाळेतले आहेत, साध्या पाण्याचे. खऱ्या हातात, वळलेल्या मनगटात, आकसलेल्या शिरेत याहून कमीच मिळते. आणि रक्त पाण्यापेक्षा दाट, फ्रीजमधून काढलेली रक्तपिशवी तर आणखी दाट.

आता हे गणित लेबर रूममध्ये नेऊ.

दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीला दर मिनिटाला सुमारे अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त मिळत असते. बाळ बाहेर आले, वार पडली, की पिशवी आवळते आणि हे नळ आपोआप बंद होतात. क्वचित पिशवी आवळत नाही. मग नळ उघडेच राहतात. बाळंतीण तरुण असते आणि गरोदरपणात तिच्या अंगातले रक्त वाढलेले असते, त्यामुळे बराच वेळ ती ठीक दिसते. आधी नाडी धावते, बीपी उशिरा पडतो. बीपी पडलेला दिसतो तेव्हा खूप काही वाहून गेलेले असते. मुळात हिमोग्लोबिन सात-आठवर असलेल्या बाईला तर तेवढीही उसंत मिळत नाही.

अशा वेळी काय करावे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रसूतीतील गुंतागुंतीविषयीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे. जाड सुई लावा, १६ नंबरची किंवा हाताशी असेल ती सर्वांत जाड, शक्य तर दोन हातांना दोन, आणि पहिले लिटर १५ ते २० मिनिटांत द्या. एक लिटर १५ ते २० मिनिटांत म्हणजे मिनिटाला ५० ते ६७ मिलिलिटर. वरचे आकडे पुन्हा पाहा. निळीतून ३५ जातात. सगळे चाक उघडा, बाटली छताला टांगा, निळ्या सुईतून एक लिटर जायला जवळपास अर्धा तास लागणारच. गुलाबी काठावर पास होते, तीही प्रयोगशाळेत. हिरवीतून तेच लिटर अकरा मिनिटांत जाते आणि करडीतून साडेपाचेक मिनिटांत. दोन हिरव्या मिळून एक करडी होते, हा हिशोब पाठ करून ठेवण्यासारखा आहे.

सुई रक्तस्राव थांबवत नाही, हे इथेच सांगतो. पिशवी चोळणे, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, वार अडकली असेल तर ती काढणे, गरज पडली तर पिशवीत फुगा, ही खरी उपचाराची कामे. ऑक्सिटोसिन आणि ट्रॅनेक्झॅमिक निळ्या सुईतूनही जातात. केवळ सलाईन ओतत राहिले तर उरलेले रक्त पातळ होते, तेही बरे नाही. पण हे सगळे उपाय चालू असताना बाई जिवंत राहायला हवी, आणि नंतर रक्त चढवायचे तर तेही वेगाने जायला हवे. त्या दोन्ही गोष्टी हातावरच्या एका नळीच्या जाडीवर अडतात.

आता नकाशा पाहू. मालगुंड महाराष्ट्राला केशवसुतांचे गाव म्हणून माहीत आहे, गणपतीपुळ्याला येणारे पर्यटक तिथले स्मारक बघून जातात. आमच्यासारख्यांना ते तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रामुळे माहीत असते. पुढे जयगडपर्यंतच्या वाड्या, मागे डोंगरावरची गावे. तिथून रत्नागिरीला जायचे तर आरे-वारेचा समुद्राकाठचा रस्ता, चढ-उतार, वळणे. सुटीच्या दिवशी याच रस्त्यावर सेल्फी काढणाऱ्यांच्या गाड्या आडव्या, आणि पावसाळ्यात काय ते सांगायला नको. किलोमीटर पंचवीस-तीसच, पण रक्तस्राव होणाऱ्या बाईला घेऊन १०८ ची गाडी निघाली की पाऊण तास धरावा. रक्तपेढी रत्नागिरीत, भूलतज्ज्ञ रत्नागिरीत, शस्त्रक्रियेची सोय रत्नागिरीत. मालगुंड इथे एक उदाहरण आहे. दापोलीपासून राजापूरपर्यंत किनाऱ्यावरच्या कुठल्याही केंद्राचे नाव इथे घाला, चित्र बदलत नाही.

या पाऊण तासात निळ्या सुईतून, सगळे नीट चालले तर, दीड लिटर जाईल. धावत्या गाडीत, हिसक्यांमध्ये, त्याहून कमी. सुई जिथून लावून निघाली तिथेच हा आकडा ठरून गेलेला असतो. गाडीतल्या डॉक्टरने पुढे कितीही धडपड केली तरी तो बदलत नाही.

"पण गरज पडली की मोठी लावू ना!" हे मी सगळ्यात जास्त ऐकतो, तेही शिकल्यासवरल्या लोकांकडून. गरज पडते तेव्हा शीर उरलेली नसते. रक्त कमी झाले की शरीर हातापायांच्या शिरा आवळून घेते, उरलेले रक्त मेंदूला आणि हृदयाला मिळावे म्हणून. दुपारी दोरीसारखी दिसणारी शीर संध्याकाळी सापडत नाही. हात गार, घामेजलेला, चिकटपट्टी बसत नाही, गाडी हलते आहे, टॉर्च कोणीतरी धरली आहे. अशा वेळी करडी सुई लावणारा हात लाखात एक. त्याच्या भरवशावर यंत्रणा चालवता येत नाही. मोठी सुई लावायची वेळ ती, जेव्हा तिची गरज नसते.

दुसरा आक्षेप, सगळ्याच बायकांना कशाला? सरसकट प्रत्येक बाळंतिणीला सलाईन लावावे असे मी म्हणत नाही, चालत्या-फिरत्या बाईला विनाकारण खाटेला बांधू नये. पण खरे बोलायचे तर आपल्या बहुतेक लेबर रूममध्ये कळा सुरू झाल्या की सुई लागतेच. लागते ती निळी. माझे म्हणणे एवढेच आहे, की लावणार असाल तर हिरवी लावा. जुळे असेल, रक्त कमी असेल, आधी सिझर किंवा रक्तस्राव झाला असेल, कळा लांबल्या असतील, तर करडीचा विचार करा. सलाईन चालू ठेवायचे कारण नाही. नळी धुऊन, टोपण लावून ठेवा. बाळंतपण सुखरूप झाले की काढून टाका. आणि हेही लक्षात ठेवा, की अशी कुठलीही जोखीम नसलेल्या बाईलाही रक्तस्राव होतो.

तिसरा आक्षेप दुखण्याचा. जाड सुई टोचताना जास्त दुखते, हे खरे आहे आणि ते नाकारू नये. त्यावर उपाय ट्रेमध्येच असतो. टाके घालायला लिग्नोकेन ठेवलेलेच असते. त्याचा एक थेंबभर, इन्सुलिनच्या बारीक सुईने, शिरेच्या बाजूला कातडीत द्या आणि मिनिटभर थांबा. मग हिरवी काय आणि करडी काय, दाब तेवढा जाणवतो. शेवटी दुखणे कमी करण्याची ही पद्धत आहे, नळी बारीक करण्याची नाही. आणि ज्या बाईला कळा येताहेत तिच्या हातावरच्या दोन सेकंदांच्या टोचणीची एवढी काळजी करणारे आपण, तीच बाई कळांनी ओरडली की "गप्प बस" म्हणतो, हेही बघून ठेवण्यासारखे आहे.

डायलिसिसचे रुग्ण आठवा. त्यांच्या हातातल्या फिस्ट्युलाला दर वेळी दोन सुया टोचतात, बहुधा १६ किंवा १७ नंबरच्या, स्टीलच्या, आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षे. तिथे कुठलाही नातेवाईक "बारीक लावा" म्हणत नाही. कारण त्याला समजावलेले असते, की मशीनला मिनिटाला अडीचशे-तीनशे मिलिलिटर रक्त लागते आणि ते बारीक सुईतून येणार नाही. त्या सुईच्या पाठीलाही एक छिद्र असते, टोक शिरेच्या भिंतीला चिकटले तरी प्रवाह अडू नये म्हणून. म्हणजे लोकांना कारण सांगितले तर ते जाड सुई मान्य करतात. लेबर रूममध्ये आपण कारण सांगत नाही, एवढाच फरक.

आता यंत्रणेकडे वळतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या दवाखान्यात काम करत होतो तिथे लेबर रूमच्या कपाटात निळ्या सुयांची खोक्यांवर खोकी आणि हिरव्या संपलेल्या, अशी स्थिती महिनोन्‌महिने असे. करडी तर कधी दिसलीच नाही. यात कोणाचा भ्रष्टाचार नव्हता. मागणीपत्र गेल्या वर्षीच्या वापरावरून भरले जाई. निळ्या जास्त वापरल्या म्हणून निळ्या जास्त मागवायच्या, त्या हाताशी आहेत म्हणून त्याच वापरायच्या. चार करड्या आल्याच तर त्या वापराविना मुदत संपून जातात, मग "करडीला खप नाही" अशी नोंद होते आणि पुढच्या वर्षी त्याही येत नाहीत. आग लागली नाही म्हणून बंब विकून टाकण्याचा हा प्रकार आहे. लेबर रूमच्या ट्रेमध्ये चार हिरव्या आणि दोन करड्या कायम असल्याच पाहिजेत, आणि त्यांची मुदत संपून फेकाव्या लागल्या तर तो तोटा समजू नये.

खरेदीची आणखी एक गंमत. निविदेत लिहितात 'इंट्राकॅथ १८ नंबर' आणि सर्वांत स्वस्त ती घेतात. पण नंबर सांगतो बाहेरची जाडी. आतले भोक किती, हे नळीची भिंत किती पातळ आहे त्यावर ठरते. दोन कंपन्यांच्या दोन हिरव्या सुया हातात सारख्या दिसतात, पण एकीतून दुसरीपेक्षा बरेच जास्त पाणी जाते. लांबीचेही तसेच. हिरवी आखूडही मिळते आणि लांबही, घाईच्या वेळी आखूड बरी. निविदेत मिनिटाला किती मिलिलिटर, हे एक वाक्य घालायला काही खर्च येत नाही. पंप घेताना आपण तासाला किती लिटर पाणी चढवतो हे विचारतो. सुई घेताना का विचारत नाही, हे कोडे मला सुटलेले नाही.

आणि कृपा करून, एवढी जाड सुई लावल्यावर तिच्या मागे लांबलचक बारीक एक्स्टेन्शन नळी, वर थ्री-वे, वर आणखी एक झडपेचा जोड, अशी आगगाडी लावू नका. प्रवाह सगळ्यात अरुंद डब्याच्या वेगाने चालतो. सेट थेट सुईला जोडा.

हे वाचून कोणी उद्यापासून प्रत्येक रुग्णाला हिरवी सुई टोचत सुटू नये. तान्ह्या बाळाला पिवळीच. ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या कागदासारख्या कातडीला निळीच. दिवसभर हळूहळू अँटिबायोटिक द्यायचे असेल तर शिरेत मावेल ती बारीक नळीच उत्तम, जाड नळी शिरेला घासते आणि शीर सुजते. फुरसे चावून रक्त गोठायचे थांबले आहे अशा माणसाला प्रतिविषासाठी जाड सुईची गरज नसते. ते तासाभरात द्यायचे असते आणि निळीतून आरामात जाते. तिथे चार ठिकाणी टोचाटोची केली तर चारही ठिकाणांहून रक्त झिरपते. आणि साध्या तापाला, अशक्तपणाला, "जरा सलाईन लावा म्हणजे तरतरी येईल" याला कुठल्याच रंगाची सुई नको. कोकणात विंचूदंशाने होणारे मृत्यू ज्या औषधामुळे कमी झाले, ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुजवलेले प्राझोसिन तोंडाने घ्यायची गोळी आहे. सुई लावली म्हणजेच उपचार झाला असे मानणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवावे.

महाराष्ट्रातला मातामृत्यू दर २०१८-२० च्या आकडेवारीत लाख जिवंत जन्मांमागे ३३ वर आला आहे, देशात फार थोडी राज्ये आपल्या पुढे आहेत. मग एका सुईवरून एवढा आरडाओरडा कशाला, असे एका मित्राने विचारले. माझ्या मते दर जितका खाली येतो तितके उरलेले मृत्यू अशा बारीकसारीक ठिकाणी दडून बसतात. रस्ता मी रुंद करू शकत नाही, मालगुंडला रक्तपेढी आणू शकत नाही. सुईचा रंग मात्र आज रात्रीच्या ड्युटीपासून बदलता येतो.

घरच्यांसाठी एवढेच. मुलीला बाळंतपणासाठी आणलेत, तिच्या हाताकडे एकदा पाहा. टोपण निळे किंवा पिवळे असेल तर सिस्टरना शांतपणे विचारा, "ताई, हिरवी लावता येईल का?" कधी शीर खरोखरच बारीक असते, तसे त्या सांगतील, त्यावर वाद घालू नका. पण रत्नागिरीला हलवायचे ठरले असेल, तर गाडीत चढवण्यापूर्वी हा प्रश्न विचाराच. दोन्ही हातांना एकेक सुई आहे का, तेही बघा. रक्तगटाचा कागद आणि रक्त देऊ शकतील असे दोन नातेवाईक सोबत घ्या, आणि गाडी निघाली की पुढे फोन करा, म्हणजे पोहोचेपर्यंत रक्तपिशवी तयार असेल.